शिंपल्यात राहणारी गोगलगाय

शंख एकसंध असतो आणि शिंपला दोन झडपांचा, हे आपल्या डोक्यात शाळेपासून इतकं पक्कं बसलेलं असतं की त्यावर कुणी शंका घेत नाही. शंखवाली ती गोगलगाय, झडपांचा तो शिंपला. दोघंही मृदुकाय प्राणिसंघातले, पण वर्ग वेगळे. गंमत म्हणजे पुस्तकं लिहिणारे शास्त्रज्ञही बराच काळ याच हिशेबाने चालत होते. हा हिशेब मोडला तो सहसा एक सेंटिमीटरही न भरणाऱ्या, हिरव्या रंगाच्या समुद्री गोगलगायीने. तिच्या प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव बर्थेलिनिया. हिच्या पाठीवर वळसेदार शंख नाही. डावी झडप, उजवी झडप, वरच्या बाजूला बिजागरी, आत झडपा ओढून मिटणारा स्नायू, असा चांगला रीतसर शिंपला आहे. आणि त्यातून बाहेर येतं ते मात्र अस्सल गोगलगायीचं डोकं.

आता खान्देशात बसून समुद्री गोगलगायीचं काय कौतुक, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, आपल्याकडे समुद्र नाही. तापी आपल्या दारावरून जाते खरी, पण समुद्राला मिळते ती सुरतेपलीकडे. तरी हा विषय कळायला समुद्र लागतोच असं नाही. अर्धं काम गिरणेच्या किंवा तापीच्या काठावर होतं.

नदीचं पाणी उतरलं की गाळात आणि वाळूत काळपट-तपकिरी शिंपले उघडे पडतात. बहुतेक लॅमेलिडेन्स नावाच्या प्रजातीचे. एक रिकामा शिंपला उचला, धुऊन घ्या आणि उन्हात धरा. बाहेरून खडबडीत, वाढीच्या रेघा एकाबाहेर एक पडत गेलेल्या. आतून मोत्याची झाक. वरच्या कडेला जिथे दोन झडपा जोडलेल्या असतात तिथे काळसर, चिवट पट्टी दिसेल. ताजा असेल तर ती अजून लवचीक असते. ही पट्टी झडपा उघडायचं काम करते, मिटायचं नाही. मिटायला जोर लावावा लागतो आणि तो आतले स्नायू लावतात. म्हणून जिवंत शिंपला घट्ट मिटलेला असतो आणि मेलेला आ वासून पडतो. स्नायू सैल पडले की पट्टी आपोआप झडपा फाकवते.

हे स्नायू कुठे चिकटलेले होते तेही दिसतं. झडपेच्या आतल्या बाजूला तिरपा उजेड पाडा. एका टोकाला एक खोलगट वण, दुसऱ्या टोकाला दुसरा, जरा उथळ. पुढचा स्नायू आणि मागचा स्नायू. नदीच्या शिंपल्याला असे दोन असतात. समुद्रातल्या कालवांना एकच. हे वण लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

आणि आतला प्राणी? त्याला डोकं नाही. डोळ्यांची जोडी नाही, शिंगं नाहीत, जीभ नाही. गाळात रुतायला एक मांसल पाय आहे आणि दोन बाजूंना पडद्यासारखे कल्ले. मागच्या बाजूने पाणी आत घ्यायचं, कल्ल्यांवरून गाळायचं, त्यातले बारीक कण खायचे, पाणी बाहेर टाकायचं. सगळा संसार एवढ्यावर. चावायचं, ओरबाडायचं, टोचायचं असं काही नाहीच. शिंपल्यांच्या अख्ख्या वर्गाने डोकं टाकून दिलं आणि त्यावाचून कोट्यवधी वर्षं उत्तम निभावलं.

गोगलगायीचं उलट. ती डोक्याने जगते. पुढे डोकं, त्यावर शिंगं, डोळे, आणि तोंडात रेड्युला नावाची दातेरी पट्टी. एखाद्या पानावर पावसाळी गोगलगाय चरताना भिंगातून पाहिलीत तर ती पट्टी पुढे-मागे होताना दिसते. रेड्युला असलेला शिंपला जगात सापडलेला नाही. त्यामुळे 'हा प्राणी शिंपला की गोगलगाय?' असा वाद पडला तर पहिला प्रश्न घराचा नाही, तोंडाचा विचारायचा.

आमच्या शेजारच्या आप्पांना मी फोनवर बर्थेलिनियाचा फोटो दाखवला. आप्पा केळीवाले, नजर बारीक. तरी पटकन म्हणाले, "हाई ते शिंपलं शे." म्हटलं, आप्पा, नीट देखा, डोकं बाहेर काढलंय. आप्पांनी चष्मा वर सरकवला, फोटो मोठा केला आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग हाई शिंपल्यामा घुसनं कसं?"

हाच प्रश्न बऱ्याच जाणत्या लोकांना पडला होता. ती घुसलेली नाही. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात घर करणारा साधू खेकडा असतो, तसला हा प्रकार नाही. शिंपला तिचा स्वतःचा आहे, तिच्याच अंगाने स्रवलेला, तिच्याबरोबर वाढलेला.

फोटोत दिसतं ते असं. अरुंद, लांबट पायावर ती शेवाळाच्या देठावरून सरकत असते. पाठीवर दोन पातळ, अर्धपारदर्शक झडपा उभ्या, बिजागरी वर. पुढे डोकं, त्यावर गुंडाळलेल्या पानासारखी दोन शिंगं आणि त्यांच्या मागे दोन काळे ठिपके, ते डोळे. धक्का लागला की डोकं, पाय, सगळं आत आणि झडपा बंद. आतून झडपा ओढणारा स्नायू एकच, साधारण मध्यावर. म्हणजे रिकाम्या झडपेत वणही एकच, मध्ये. नदीच्या शिंपल्याचे दोन टोकांचे दोन वण आणि हिचा मधला एक, हा फरक उघड आहे. पण एका स्नायूचे खरे शिंपलेही असतात, त्यामुळे नुसत्या वणावरून कुणाला संशय आला नाही.

या प्राण्याचे शिंपले विज्ञानाला १९ व्या शतकापासून माहीत होते. बॉस्टनचे ऑगस्टस गूल्ड यांनी १८६२ मध्ये ज्युलिया ही प्रजाती मांडली. ही बर्थेलिनियाची सख्खी नातलग, पण झडपा जाड आणि भरीव. १८७५ मध्ये फ्रान्सचे इपोलित क्रॉस यांनी बर्थेलिनिया हे नाव दिलं, तेही जिवंत प्राण्याला नव्हे तर पॅरिसच्या आसपासच्या इओसीन काळातल्या थरांत सापडलेल्या जीवाश्म झडपांना. १९११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया भागात गॅटलिफ आणि गॅब्रिएल या शंखसंग्राहकांनी तशाच एका झडपेचं वर्णन करून तिला एडेंटेलिना म्हटलं. १९१८ मध्ये अमेरिकेचे विल्यम डॉल यांनी मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पावरची एक जाती नोंदवली. सगळ्यांनी एकच केलं. दोन झडपा दिसल्या, शिंपल्यांच्या खात्यात टाकल्या.

त्यांना हसण्यात अर्थ नाही. त्यांच्या हातात रिकामी घरं होती. आतला मऊ प्राणी कुजून गेलेला, किनाऱ्याच्या वाळूत नाहीतर दगडात राहिलेल्या चार-पाच मिलिमीटरच्या झडपा. एक गोष्ट मात्र त्यांच्यासमोर होती आणि तिला म्हणावं तेवढं महत्त्व मिळालं नाही. डाव्या झडपेच्या टोकाला, बिजागरीपाशी, एक इवलासा वळसा असतो. नीट गोल फिरलेला, शंखासारखा. उजव्या झडपेवर तो नसतो. शिंपल्यांच्या दोन्ही झडपांचा आरंभ एकसारखा होतो, एकीवरच वळसा असायचं कारण नाही. पण वर्गीकरणाचा हिशेब एकदा मनात बसला की त्यात न बसणारी गोष्ट डोळ्यांपुढे असूनही बाजूला राहते.

पॅरिसच्या थरांवरून एक आठवलं. ते थर साडेचार-पाच कोटी वर्षांपूर्वीचे. आपल्या पायाखालचा काळा पाषाण, अजिंठा-सातमाळ्याचा आणि सातपुड्याचा, त्याहून जुना. तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. म्हणजे पॅरिसच्या जागी असलेल्या उबदार समुद्रात ही गोगलगाय शेवाळ चरत होती तेव्हा खान्देशचा खडक थंड होऊन बसला होता. आणि लाव्हाच्या आधी आपल्या अगदी जवळ समुद्र येऊन गेलेला आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा जाते. तिच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातल्या बाघजवळ, क्रिटेशस काळातले, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातले, समुद्री थर उघडे पडलेत. त्यात कालवं आहेत, काटेरी समुद्री अर्चिन आहेत, ॲमोनाइट नावाचे नामशेष झालेले वळसेदार शंखाचे प्राणी आहेत. खान्देशी माणसाला 'आपल्याकडे समुद्र नाही' हे वाक्य 'आत्ता' हा शब्द जोडून म्हणायला हवं.

तर, गोष्ट फिरली १९५९ मध्ये. जपानमधल्या ओकायामा विद्यापीठाची सेतो अंतर्देशीय समुद्राच्या काठावर तामानो गावी सागरी प्रयोगशाळा होती. तिथल्या शिरो कावागुती यांना कॉलेर्पा नावाच्या हिरव्या शेवाळावर छोटे हिरवे 'शिंपले' मिळाले, आणि ते चालत होते. डोकं काढून, शिंगं पुढे करून, पोटाच्या तळव्यावर. कावागुती हे मूळचे प्रवाळांच्या अभ्यासातले. त्यांनी जोडीला घेतलं किकुतारो बाबा यांना. समुद्री गोगलगायींतलं बाबांचं नाव जपानात फार मोठं. सम्राट हिरोहितो स्वतः सागामी उपसागरात प्राणी गोळा करत आणि त्यातल्या अशा गोगलगायींची वर्णनं बाबांनी लिहून १९४९ मध्ये प्रसिद्ध केली होती. दोघांनी मिळून नव्या प्राण्याला तामानोव्हाल्व्हा लायमॅक्स म्हटलं आणि स्पष्ट लिहिलं की हा शिंपला नाही, दोन झडपांची गोगलगाय आहे.

प्राणिशास्त्रात ही बातमी मोठी होती. नवीन जाती रोज सापडतात. पण दोन झडपा असणं ही एका अख्ख्या वर्गाची ओळख समजली जात होती, आणि ती ओळखच खोटी ठरली. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, ब्रिटिश म्युझियमच्या कॉक्स आणि रीस यांनी तामानोचा प्राणी आणि जुन्या कपाटांतली बर्थेलिनिया यांची सांगड घातली. ऑस्ट्रेलियात रॉबर्ट बर्न यांना तिथल्या जिवंत गोगलगायी मिळाल्या. १९६१ मध्ये मायरा कीन आणि ॲलिन स्मिथ यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडल्या जाती तपासल्या. १९६३ मध्ये माल्कम एडमंड्स यांनी जमैकातून एक नवी जाती नोंदवली. एकदा कुठे पाहायचं ते कळल्यावर जगभर सापडू लागल्या. इतकी वर्षं त्या कुठे गेल्या नव्हत्या. शिंपले गोळा करणारे शेवाळ झटकून पाहत नव्हते आणि शेवाळाचे अभ्यासक त्यावरच्या शिंपल्याकडे लक्ष देत नव्हते, एवढंच.

नावाचा निकाल नियमाप्रमाणे लागला. एकाच प्रजातीला दोन नावं पडली असतील तर आधीचं टिकतं. त्यामुळे तामानोव्हाल्व्हा मागे पडलं आणि ही जपानी गोगलगाय आज बर्थेलिनिया लायमॅक्स म्हणून ओळखली जाते. जिवंत प्राणी पहिल्यांदा पाहिला जपान्यांनी, नाव राहिलं पॅरिसच्या दगडातलं. मला हा नियम कधी कधी निष्ठुर वाटतो, पण तो नसता तर नावांचा बाजार मांडला गेला असता.

आता आप्पांचा प्रश्न. एक शंख असणाऱ्या प्राण्याला दोन झडपा आल्या कशा?

उत्तर अळीत आहे. ही गोगलगाय चिकट, बुळबुळीत वेष्टणात अंडी घालते. अंड्यातून तयार होणाऱ्या अळीला एकच शंख असतो, वळसेदार, कोणत्याही समुद्री गोगलगायीच्या अळीला असतो तसा. शंखाच्या तोंडाला छोटं झाकणही असतं. इथवर वेगळं काही नाही. पुढे अळीचं रूपांतर होऊन ती शेवाळावर बसते तेव्हा झाकण गळून पडतं आणि शंखाच्या वाढीची दिशा बदलते. वळशामागून वळसा पडायचा थांबतो. शंखाची कड पसरट होत डाव्या बाजूला झडपेसारखी वाढू लागते. उजव्या बाजूला प्रावरणाच्या कडेला, म्हणजे शंख स्रवणाऱ्या कातडीच्या घडीला, वेगळी चकती धरते. तीच उजवी झडप. दोघींच्या मध्ये लवचीक जोड राहतो, तीच बिजागरी. आतला मिटणारा स्नायूही याच वेळी जागेवर येतो. कावागुतींनी ही सगळी घडण पायरी-पायरीने तपासून १९५९ पासूनच्या दोन-तीन वर्षांत प्रसिद्ध केली.

म्हणजे डाव्या झडपेच्या टोकावरचा तो इवलासा वळसा म्हणजे अळीपणाचा शंख. जन्मखूण म्हणा. जुन्या संग्राहकांच्या भिंगाखाली ती दर वेळी येत होती.

खऱ्या शिंपल्याची सुरुवातच वेगळी. त्याच्या अळीचं कवच अगदी लवकर मधोमध दुमडून दोन सारख्या बाजूंचं होतं. नदीच्या शिंपल्याची अळी तर दोन झडपा घेऊनच बाहेर पडते आणि माशाच्या कल्ल्याला चिमटा घेऊन काही दिवस फुकट प्रवास करते. तेव्हा शेवटी दिसणारी वस्तू एकसारखी असली तरी तिथवर यायचे रस्ते दोन. जीवशास्त्रात याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. हा प्रकार दोन झडपांच्या बाबतीत इतरत्रही घडलाय. ब्रॅकिओपॉड नावाच्या प्राण्यांना दोन झडपा असतात, पण त्या डाव्या-उजव्या नसून वर-खाली असतात. दख्खनच्या पठारावर पावसाळी डबक्यांत बारीक शिंपल्यासारखं काही पोहताना दिसतं, तो कोळंबीचा दूरचा नातलग, त्यालाही दोन झडपा. अंग मऊ असेल आणि पटकन बंद व्हायचं असेल तर दोन झडपा ही युक्ती निसर्गाला पुन्हा पुन्हा सुचलेली दिसते.

या गोगलगायीची मला सर्वांत आवडणारी बाजू तिच्या खाण्याची आहे, आणि ती खान्देशातल्या शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय कळेल. कापसावर मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी येते. केळीवर मावा येतो आणि जाताना हरण्या रोग देऊन जातो. कृषी खात्याच्या पत्रकात या सगळ्यांना एकच शब्द असतो, रसशोषक किडी. पान कुरतडत नाहीत, सोंड टोचून रस ओढतात. बर्थेलिनिया ज्या गणात मोडते तो सॅकोग्लोसा गण म्हणजे समुद्रातल्या रसशोषक गोगलगायींचा गण.

फरक फक्त हत्याराचा. माव्याला सोंड असते. हिच्याकडे रेड्युलाच आहे, पण इतर गोगलगायींसारखी शेकडो दातांची किसणी नाही. दातांची एकच ओळ, एकामागे एक, आणि एका वेळी कामाला फक्त पुढचा दात. तो पात्यासारखा, अणकुचीदार. शेवाळाच्या भिंतीला त्याने छेद द्यायचा आणि मग घशाच्या स्नायूंनी आतला रस पंपासारखा ओढायचा. दात झिजला की मागचा पुढे येतो. झिजलेला दात मात्र टाकून दिला जात नाही, तोंडाखालच्या एका पिशवीत साठत जातो. म्हातारी गोगलगाय कापली तर त्या पिशवीत तिच्या सगळ्या आयुष्याचे दात ओळीने मिळतात, लहानपणचे लहान, नंतरचे मोठे. ही पिशवी या गणाची खूण आहे, आणि बर्थेलिनियात ती सापडल्यावर ती कोणाची कोण याबद्दल वाद उरला नाही.

एक छेद देऊन पोट कसं भरतं? त्याचं कारण कॉलेर्पा. हे शेवाळ पाहिलं तर जमिनीलगत धावणारा देठ, खाली मुळांसारखे धागे, वर पानांसारखे किंवा द्राक्षांच्या घडासारखे कोंब. कुणीही याला रीतसर झाड म्हणेल. पण कॉलेर्पा म्हणजे एकच पेशी. आत कुठेही भिंती नाहीत, असंख्य केंद्रकं एकाच रसात तरंगतात आणि हा प्रकार मीटरच्या पुढेही लांबतो. आपल्या पिकात मावा एका नळीला सोंड लावतो. इथे अख्खं झाडच एक नळी. एकदा भोक पाडलं की रस आपणहून हाताशी.

शेवाळही गप्प बसत नाही. जखम झाली की मिनिटांत चिकट बूच तयार करून भोक बंद करतं, नाहीतर सगळी पेशी रिकामी होईल. शिवाय त्याच्यात कॉलेर्पेनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. जखमेपाशी ते आणखी जहाल रूप घेतं आणि बहुतेक मासे-गोगलगायी तोंड फिरवतात. या गणातल्यांनी त्यावर उपाय शोधलाय. ऑक्सिनोई नावाची बर्थेलिनियाची चुलत बहीण तर हे विष पचवून स्वतःच्या बचावासाठी वापरते. दुसरं कुणी खात नसलेल्या पिकावर जी कीड तगते तिला स्पर्धा राहत नाही, हे कपाशीवाल्याला सांगायला नको. याच विषामुळे १९८४ मध्ये मोनॅकोजवळ भूमध्य समुद्रात पसरू लागलेलं कॉलेर्पा टॅक्सिफोलिया आवरेना. तिथल्या बहुतेक प्राण्यांना ते खाता येत नव्हतं. ते आवरायला रसशोषक गोगलगायी सोडाव्यात का, याची चर्चाही त्या काळी झाली.

हिरवा रंग कुठून आला ते आता सांगायची गरज नाही. पोटातला रस आणि अर्धपारदर्शक झडपा, त्यामुळे ती शेवाळावर बसली की सापडत नाही. इंटरनेटवर 'उन्हावर जगणारी गोगलगाय' म्हणून जे व्हिडिओ फिरतात ते हिचे नव्हेत. ती एलिसिया क्लोरोटिका, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची. याच गणातली, पण बिनशंखाची. ती शेवाळातली हरितलवकं पचवत नाही, आपल्या पेशींत ठेवून महिनोन्‌महिने वापरते. बर्थेलिनिया तेवढी हुशार नाही. ती रस पिते आणि पचवते.

या गणातल्या नातलगांकडे ओळीने पाहिलं तर शंखाचं काय होत गेलं ते ध्यानात येतं. काहींना बुडबुड्यासारखा पूर्ण शंख आहे, काहींना जेमतेम पाठ झाकेल एवढा, एलिसियाला अजिबात नाही. शंखवाल्या जवळपास सगळ्या कॉलेर्पावर जगतात. डेन्मार्कच्या कॅथे जेन्सन यांनी या नातेसंबंधांवर बरंच काम केलंय आणि बर्थेलिनियाच्या काही नव्या जातीही नोंदवल्यात. त्यातली एक, १९९३ मधली, ऑस्ट्रेलियाच्या रॉटनेस्ट बेटावरून. शेवाळाच्या अरुंद कोंबांमध्ये वावरणाऱ्याला बाजूने चपटं घर सोयीचं पडतं, हे दोन झडपांमागचं पटण्यासारखं कारण आहे. गोलमटोल शंख तिथे अडकतो.

भारतात हिची नोंद आहे. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरून शर्मा यांनी १९७५ मध्ये बर्थेलिनिया वॉल्टेअरेन्सिस ही जाती नोंदवली. वॉल्टेअर हे त्या शहराच्या एका भागाचं जुनं नाव, आंध्र विद्यापीठ तिथलंच.

कॉलेर्पा मात्र आपल्याला त्यामानाने जवळ आहे. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यांवर आणि गुजरातेत ओखा-वेरावळकडे ओहोटीच्या वेळी खळग्यांमध्ये ते दिसतं. सुट्टीत मुलांना घेऊन द्वारका-सोमनाथला जाणारी खान्देशी कुटुंबं कमी नाहीत. दर्शन झाल्यावर पूर्ण ओहोटीची वेळ विचारून खडकांवर उतरा. हिरवे, द्राक्षांच्या घडासारखे किंवा पिसासारखे कोंब असलेलं शेवाळ शोधा. ते उपटू नका. खळग्यातल्या पाण्यात ते हलत असतं तिथेच बसून भिंगाने देठ-कोंबांच्या बेचक्यांत पाहत राहा. पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही, मग नजर बसते आणि त्या हिरव्यात सरकणारे बारीक जीव वेगळे होऊ लागतात. एलिसियाच्या जातकुळीतल्या पानासारख्या गोगलगायी दिसण्याचा संभव जास्त. झडपा दिसल्या तर आधी बिजागरी कुठे आहे पाहायचं, मग पुढे शिंगं आहेत का ते. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात जात असाल तर परवानगी लागते आणि तिथून शिंपलाही उचलायचा नसतो. फोटो काढा. मोठा करून पाहायला आप्पा आहेतच.